जिन्याचा चार्ज कोणाकडे होता? भाड्याच्या बिल्डिंगमध्ये घरफोडी, घरमालक जबाबदार धरता येतो का?

रात्रपाळी_सिस्टर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, आधीच सांगते. थोडक्यात लिहिलं की सगळे म्हणतात, "कुलूप चांगलं लावायचं होतं ना बाई." पंधरा दिवसांत हे वाक्य इतक्या जणांनी ऐकवलं की आता नीट पहिल्यापासून लिहिते.

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी स्टाफ नर्स आहे. क्वार्टर मिळालं नाही म्हणून बसस्टँडमागच्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्या आणि किचन भाड्याने घेतलं. गावात त्या बिल्डिंगला "अपार्टमेंट" म्हणतात. खाली कृषी केंद्र, मोबाइलचं दुकान आणि झेरॉक्सवाला, वरच्या दोन मजल्यांवर सहा बिऱ्हाडं. सगळ्यांना मिळून एकच जिना आणि जिन्याच्या तोंडाशी एक चॅनल गेट.

भाडं 4,500 रुपये आणि वर 400 रुपये मेंटेनन्स. खोली दाखवताना काका (घरमालकांना आम्ही सगळे काकाच म्हणतो) स्वतः म्हणाले होते, "या चारशेत जिन्यातला लाइट, पाण्याची मोटर आणि रात्रीचा चौकीदार. तुमच्यासारख्या ड्युटीवाल्या बाईसाठी बरं आहे." मी तिथे राहायला गेले ते या एका वाक्यामुळे. नाहीतर हजार रुपये कमी भाड्यात दुसरं घर मिळत होतं, पण ते आडबाजूला.

पहिलं वर्ष खरंच बरं गेलं. चौकीदार म्हणजे एक म्हातारे आजोबा. जिन्याखाली खाट टाकून बसायचे, सोबत काठी आणि रेडिओ. रात्री अकराला चॅनल गेट ओढून कुलूप लावायचे. मी संध्याकाळची पाळी करून उशिरा आले तर खोकत खोकत उठून उघडायचे. मागच्या दिवाळीला ते मुलाकडे गेले ते परतलेच नाहीत. काका म्हणाले, "पाहतो दुसरा." अजून पाहूनच राहिले आहेत. चारशे रुपये मात्र दर महिन्याला फोन करून मागितले आणि आम्ही सहाही जणांनी दिले.

होळीनंतर जिन्यातला बल्ब गेला. नुसता बल्ब नाही, होल्डरच जळाला होता. जूनमध्ये खाली लावलेल्या दोन मोटारसायकलींच्या बॅटऱ्या गेल्या, त्यातली एक आमच्या ह्यांची. जुलैत कृषी केंद्राच्या खताच्या ट्रॉलीची धडक बसून चॅनल गेटची खालची पट्टी वाकली. तेव्हापासून गेट पूर्ण लागतच नाही, हातभर फट राहते. कोणीतरी तिथे वीट लावून ठेवली. त्या विटेचा फोटो मी काकांना व्हॉट्सअॅपवर टाकला, सोबत लिहिलं, "काका, बॅटऱ्या गेल्याच, आता घरं जातील. गेट आणि लाइट करून द्या." उत्तरात अंगठा आला. आठ दिवसांनी परत लिहिलं तर हात जोडलेले आले.

आता पोळ्याचं. हे दोन्ही मुलांना घेऊन गावी गेले होते, धाकट्याचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल तिकडेच होता. माझ्यासोबतच्या सिस्टरने पोळ्याची सुटी घेतली म्हणून नाइट माझ्याकडे आली. बाहेर अमावस्येचा अंधार. रात्री पावणेतीनला वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. "सिस्टर, खालून ठोकण्याचा आवाज येतो आहे आणि आमच्या दाराला कोणीतरी बाहेरून कडी लावली आहे." फक्त त्यांच्याच नाही, माझं सोडून पाचही दारांना बाहेरून कड्या घातल्या होत्या. माझ्या दाराचा कोयंडा स्क्रूसकट उपटला होता. कुलूप जसंच्या तसं, बंद, कोयंड्यात लटकलेलं. म्हणून म्हणते, कुलूप चांगलंच होतं.

लेबर रूममध्ये पहिलटकरीण टेबलावर होती. मी निघू शकले नाही. वहिनींच्या मिस्टरांनी 112 ला फोन केला. मी सकाळी आठला चार्ज देऊन घरी गेले.

गेलं काय, तर एक तोळ्याचं डोरलं आणि पोत (लेबर रूमला घालून जात नाही म्हणून घरी होती), सासूबाईंच्या चांदीच्या तोरड्या, धाकट्याच्या वाळ्या आणि भिशीचे 24,000 रुपये. बारा बायकांचे दोन-दोन हजार. तो महिना माझ्याकडे जमा होता, दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. दागिना माझा होता, रडून मोकळी झाले. भिशीचे पैसे माझे नव्हते.

काका तिसऱ्या दिवशी नागपूरहून आले. दार पाहिलं, चहा घेतला आणि म्हणाले, "सिस्टर, मी घर भाड्याने दिलं, तिजोरी नाही दिली." मग पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला भाडे करारनामा काढून नववी अट दाखवली: भाडेकरूच्या मालमत्तेची चोरी अथवा नुकसान झाल्यास घरमालक जबाबदार राहणार नाही. खाली माझी सही.

माझं म्हणणं एवढंच. आमच्याकडे पाळी बदलताना रजिस्टरवर सही करून चार्ज घेतात. एमर्जन्सी ट्रे, ऑक्सिजनचा सिलिंडर, कपाटाची किल्ली. रात्री काही कमी निघालं तर ज्याच्याकडे चार्ज, त्याला विचारतात. त्याने चोरलं असं कोणी म्हणत नाही, पण विचारतात. माझ्या खोलीच्या आतला चार्ज माझा, मान्य. जिना, गेट, जिन्यातला लाइट यांचा चार्ज कोणाकडे होता? मी तर तिथे बल्बही लावू शकत नव्हते, वायरिंग काकांच्या मीटरवरून आहे.

आणि एक. वरच्या मजल्यावर रस्त्याच्या कामावरची चार परप्रांतीय पोरं राहतात. अख्खं गाव त्यांच्याकडे बोट दाखवून राहिलं आहे. त्यांच्याही दाराला बाहेरून कडी होती, हे कोणी लक्षात घेत नाही. मला त्यांच्यावर बोलायचं नाही.

तर सांगा, चोर सापडो न सापडो, घरमालकाकडून कायद्याने काही मागता येतं का? की नवव्या अटीवर सही केली म्हणजे विषय संपला?

---

पुलगावचा_घरमालक

ताई, झालं ते वाईट झालं. पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला पाहिजे, म्हणून लिहितो. माझ्याही आठ खोल्या भाड्याने आहेत.

आपल्याकडे रात्रभर जागणारा माणूस सात हजाराच्या खाली मिळत नाही, आणि मिळाला तर दारू पिऊन झोपतो. सहा बिऱ्हाडांचे चारशे म्हणजे 2,400. त्यात मोटरचं बिल, टाकी धुणं. तुमचे आजोबा होते तेव्हा त्यांना राहायला जागा फुकट होती म्हणून परवडत असेल. आजकाल भाडेकरूला चौकीदार पाहिजे, कॅमेरा पाहिजे, भाडं मात्र जुनंच पाहिजे. चोरी तर मालकाच्या स्वतःच्या घरातही होते. मग त्याने कोणाकडे मागायचं?

तरी एक कबूल करतो. चौकीदार गेल्यावर त्याच्या नावाचे पैसे घेत राहणं चूक. मी असतो तर भाडेकरूंना बोलावून सांगितलं असतं, चौकीदार नाही, मेंटेनन्स दीडशे. आणि गेट वाकलं तर ते माझ्या बिल्डिंगचं गेट आहे, ते मीच नीट करणार. वेल्डिंगवाल्याचे हजार-बाराशे. त्यासाठी भाडेकरूला दोनदा फोटो पाठवावा लागला, हे वाचून मालक म्हणून मलाच लाज वाटली.

नुकसानभरपाई मात्र मिळेल असं वाटत नाही.

---

कपाशीवाला

सिस्टर, तुमच्या काकाले विचारा का घर देल्लं तिजोरी नाई देल्ली तं चारशे कायचे घेत होता बापा, हवा खाले?

हिशोब मी करून देतो. दिवाळी ते पोळा धा महिने. सहा बिऱ्हाडं गुणिले चारशे गुणिले धा, किती झाले? 24,000. तुमची भिशी बी तेवढीच. आता मले सांगा कोण कोणाचे घेतले.

आमच्या गावात मागच्या साली शेतातल्या मोटरीची केबल गेली, चारदा. पाचव्या वेळी आमी पोट्टे रात्री पाळी लावून बसलो. चोर आलाच नाई, पण दोघायले सर्दी झाली. गंमत सोडा, पण बाहेरून कड्या घालाची पद्धत नवी नाई. तुमच्या शेजाऱ्यायले सांगा का बाहेरची कडी काढूनच टाका, आतून लॉक ठेवा. बाहेरची कडी चोराच्याच कामाची हाय.

अन् त्या रस्त्याच्या पोरायबद्दल लिवलं ते बरं केलं. आमच्याकडं बी केबल गेली का पयले तांड्यावरच्यायले धरत.

---

वकीलताई

सिस्टर, मी तालुका कोर्टात दिवाणी कामं पाहते. तुमची पोस्ट दोनदा वाचली. आधी थंड पाणी ओतते, मग शेक देते.

थंड पाणी हे की चोरी तिसऱ्या माणसाने केली. अशा वेळी घरमालकाकडून पूर्ण भरपाई मिळवणं आपल्याकडे कठीण आहे. निष्काळजीपणाच्या भरपाईचा आपल्याकडे एकसंध लिखित कायदा नाही. जुन्या निकालांवरून चालतो. त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: काळजी घेण्याचं कर्तव्य त्यांचं होतं, ते त्यांनी पाळलं नाही, आणि त्यामुळेच तुमचं नुकसान झालं. तिसरीवर समोरचा वकील भांडेल. म्हणेल, गेट नीट असतं तरी चोर भिंतीवरून आला असता.

आता शेक. तुमचा "चार्ज" शब्द मला फार आवडला, कारण अमेरिकेतल्या एका गाजलेल्या निकालाचा गाभा जवळजवळ हाच आहे. वॉशिंग्टन शहरातली एक बाई 1959 मध्ये एका मोठ्या अपार्टमेंटमध्ये राहायला आली. तेव्हा दाराशी चोवीस तास माणूस असायचा. हळूहळू मालकाने माणसं कमी केली, बिल्डिंगमध्ये मारहाणी-चोऱ्या वाढत गेल्या, मालकाला त्याची खबर होती. 1966 मध्ये तिच्यावर तिच्याच मजल्याच्या पॅसेजमध्ये हल्ला झाला आणि तिला लुटलं गेलं. 1970 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की मालक हा काही भाडेकरूंच्या सुरक्षिततेचा विमा उतरवणारा नाही. पण जिना, पॅसेज, मुख्य दार या सामाईक जागांवर ताबा फक्त त्याचा असतो. भाडेकरू तिथे स्वतः काही करू शकत नाही. म्हणून ज्या धोक्याची त्याला कल्पना आहे, त्यावर वाजवी उपाय त्यानेच केला पाहिजे. शिवाय ती राहायला आली तेव्हा जेवढी सुरक्षा होती, साधारण तेवढी टिकवायला हवी होती.

तुमचे आजोबा, तुमच्या बॅटऱ्या, तुमची वीट. सगळं त्यात बसतं. तो निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, हे लगेच सांगते, नाहीतर उद्या काकांना अमेरिका दाखवाल. पण जागा ज्याच्या ताब्यात, तिथल्या सुरक्षिततेचं उत्तर त्याने द्यायचं, हे आपल्यालाही परकं नाही. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 13 जून 1997 ला आग लागून 59 माणसं गेली. त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये भरपाईचा मोठा भार सिनेमागृह चालवणाऱ्यांवर टाकला. आग ट्रान्सफॉर्मरची होती, पण बाहेर पडायच्या वाटा अडवून ठेवल्या होत्या त्यांनी. तुमची गोष्ट त्याच्या शंभराव्या हिश्श्याची, तरी तत्त्व दाखवायला चालतं.

पण मी तुमच्या जागी असते तर भांडणाचं टोक चोरीवर ठेवलं नसतं, चारशे रुपयांवर ठेवलं असतं. पैसे घेतले, सेवा दिली नाही, हा साधा कराराचा भंग आहे. त्याला चोर सापडायची गरज नाही. कपाशीवाले भाऊंचा हिशोब थोडा सुधारते. त्या चारशेतून मोटर चालली, ती वजा करावी लागेल.

करार नोंदणी केलेला नाही ना, नुसता नोटरी? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणी न केल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या तोंडी ठरलेल्या चौकीदाराला इथे जीव येतो. त्याच कायद्यात जिन्यातला आणि पॅसेजमधला लाइट हा कलम 29 खाली पाण्यासारखाच "अत्यावश्यक सेवा" मोजला आहे. हे बहुतेक मालकांना माहीतच नसतं.

कलम 14 त्याहून कामाचं. इमारत राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. तुमचं वर्षाचं भाडं 54,000, म्हणजे 13,500 पर्यंत. सहा जणांनी मिळून खर्च केला तर वाटणी भाड्याच्या प्रमाणात.

मात्र हा कायदा सरसकट सगळ्या खेड्यापाड्यांना लागू नाही, अनुसूचीत दिलेल्या भागांनाच आहे. तुमचं गाव आणि तुमची हद्द त्यात येते का, ते कागद पाहून ठरवावं लागेल. येत नसेल तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याच्या कलम 108 मध्येही दुरुस्तीचा खर्च वळता करण्याची सोय आहे. पण मालकाने जी दुरुस्ती करायची बांधिलकी घेतली आहे तेवढीच त्यात येते. म्हणून पुन्हा चारशे रुपये आणि त्या वेळचं बोलणं महत्त्वाचं.

नववी अट. असं वाक्य सगळ्या तयार मसुद्यांत असतं, झेरॉक्सवाल्याकडे छापूनच ठेवलेलं असतं. ते तुमच्याविरुद्ध दाखवतील, वजनही पडेल. पण त्याने पैसे घेऊन न दिलेल्या सेवेचा हिशोब पुसला जात नाही, आणि स्वतःचा निष्काळजीपणा अशा एका ओळीत आपोआप माफ होतो असंही नाही.

व्हॉट्सअॅप पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात त्या संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देईल. त्या अंगठ्याचं महत्त्व काकांना अजून कळलेलं नाही. "मला माहीत नव्हतं" हे म्हणायची वाट त्यांनी स्वतःच बंद केली.

फीची चिंता करू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, किंवा 15100 वर फोन लावा. दावा न लावताही तिथे अर्ज देऊन मालकाला बोलावता येतं. लोकअदालतीत तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच पक्की.

---

रात्रपाळी_सिस्टर

वकीलताई, मनापासून आभार. कलम 29 मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "म्हणजे बल्ब गेला की पाणी तोडल्यासारखं?" मी म्हटलं, तसंच काहीसं.

पुलगावचे दादा, तुमचा राग आला नाही. उलट तुम्ही म्हणता तसं काकांनी बोलावून सांगितलं असतं, "चौकीदार जमत नाही, आपापलं पाहा," तर मी डोरलं बँकेत ठेवलं असतं आणि भिशी दुसरीकडे दिली असती. मला वाटत होतं खाली कोणी नाही, पण येईल. दहा महिने "येईल"वरच काढले, हा माझाही मूर्खपणा.

एक विचारायचं राहिलं. पोलिसांत दोनदा जाऊन आले. एफआयआर झाली आहे, पण दागिन्याचं बिल मागून राहिले. डोरलं आईचं मोडून केलं होतं, सोनाराने चिठ्ठी दिली होती, ती कुठे असणार? बिल नाही तर लिहिता येत नाही असं म्हणाले.

---

माजी_जमादार

मॅडम, मी 31 वर्षं खात्यात काढली, आता शेती करतो. बिल नसलं तरी चोरीचा माल फिर्यादीत लिहिला जातो. वजन अंदाजे, वर्णन नीट. लग्नातले, बारशातले फोटो काढा, ज्यात डोरलं गळ्यात दिसतं, आणि त्या सोनाराचा जबाब घ्यायला सांगा. बिलापेक्षा ओळख महत्त्वाची. उद्या दुसऱ्या जिल्ह्यात चोर पकडला आणि मुद्देमाल निघाला, तर "हेच माझं" कशावरून म्हणाल? त्यासाठी फोटो. माल निघाला की कोर्टात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर परत मिळतो.

एफआयआरची प्रत फुकट द्यायची असते, घेतली का? त्यात कलमं पाहा. रात्री घर फोडून चोरी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 331(4) आणि 305. जुलै 2024 च्या आधी हेच 457 आणि 380 होतं, आमची हयात त्या आकड्यांत गेली. नुसतं 303 लावलं असेल तर साधी चोरी झाली, साहेबांना लेखी अर्ज द्या. पुरवणी जबाबात तीन गोष्टी आवर्जून लिहून घ्या: गेट वाकलेलं होतं, जिन्यात अंधार होता, पाच दारांना बाहेरून कड्या होत्या. घटनास्थळ पंचनाम्यात या आल्या असतील तर वकीलताईंचं अर्धं काम झालं. आल्या नसतील तर गेट दुरुस्त व्हायच्या आत तारखेसकट फोटो काढून ठेवा.

कृषी केंद्राला कॅमेरा आहे का? असेल तर आजच्या आज सांगा. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्याच्यावरच नवीन चढतं. पंधरा दिवस म्हणजे आधीच उशीर.

तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं बंधन नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. खरं सांगतो, अशा प्रकरणात बहुतेक वेळा "अ समरी" जाते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. ते पत्र आलं की फाइल कायमची मेली असं समजू नका. पुढे कुठे धागा मिळाला की उघडते. मी स्वतः चार वर्षांनी बांगड्या परत केल्या आहेत एका बाईला. तिने तोवर नवीन केल्या होत्या, तरी रडली.

---

रात्रपाळी_सिस्टर

महिन्याभराने लिहिते आहे, माफ करा. डेंगूचे पेशंट वाढले, वेळच मिळाला नाही.

कॅमेरा कृषी केंद्राला होता, पण तो गल्ल्याकडे तोंड करून. त्यात काहीच नाही. फोटो मात्र सापडला, धाकट्याच्या बारशाचा. डोरलं स्वच्छ दिसतं. जमादारकाकांनी सांगितलं तसा पुरवणी जबाब दिला. कलमं 331(4) आणि 305 बरोबर होती. चोर नाही.

विधी सेवा समितीतून वकील मिळाल्या. आमचं गाव भाडे कायद्यात बसतं की नाही, हे त्या अजून पाहत आहेत, पण नोटीस दोन्ही वाटा धरून लिहिली. सहीसाठी सगळ्यांकडे फिरले. रस्त्याच्या कामावरच्या पोरांनी सगळ्यांत आधी केली, त्यातला एक म्हणाला, "दीदी, हमारा भी चार सौ गया है." पाच बिऱ्हाडांनी सही केली. सहावे काकांच्या नात्यातले, ते म्हणाले, "मी मनाने तुमच्यासोबत आहे." ठीक आहे. नोटीस स्पीड पोस्टाने नागपूरच्या पत्त्यावर गेली.

अकराव्या दिवशी काकांचा मुलगा आला. काका नाही आले. वेल्डिंगवाला सोबत घेऊनच आला. गेट सरळ झालं, जिन्यात दोन एलईडी लागले, एक वर एक खाली, स्विच चॅनलच्या आत. माझ्या दाराला आतून लॉक बसवून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. मग खाली कृषी केंद्रात बसून बोलणं झालं. तो म्हणाला चौकीदार परवडत नाही. मी म्हटलं, नका ठेवू, पण मग चारशे नाही. मेंटेनन्स आता 150 ठरलं (पुलगावचे दादा, तुमचाच आकडा सांगितला). मागच्या दहा महिन्यांचे प्रत्येकी 250 प्रमाणे परत मागितले, म्हणजे माझे 2,500. तो तीन महिन्यांचे देतो म्हणतो. तिथे अडलं आहे. चोरीच्या भरपाईचं नाव काढलं की तो उठून उभा राहतो. पुढच्या लोकअदालतीला दोघांनाही बोलावलं आहे, तिथे वकीलबाई दोन्ही मागण्या ठेवणार.

भिशीच्या बायकांनी मला सांभाळून घेतलं. ज्यांचा नंबर होता त्यांना मी सोसायटीतून कर्ज काढून 24,000 दिले, आता हप्ता पगारातून कापला जातो. दोघीतिघी म्हणाल्या होत्या की आपण वाटून घेऊ. मी नाही म्हटलं. तो चार्ज माझा होता.

चॅनल गेटची एक-एक किल्ली सहाही घरांत दिली आहे. रात्री शेवटचा येईल त्याने लावायचं असं ठरलं, आणि शेवटची बहुतेक मीच असते. वेल्डिंगनंतर गेट ओढताना फार वाजतं. काकांचा मुलगा म्हणाला, ग्रीस लावून देतो. मी म्हटलं, राहू द्या, वाजलेलंच बरं आहे.